फाशावर सात नाही

सुलतान बाजारातल्या त्या मंगल कार्यालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती. केबलवरची जाहिरात पाहून विद्यानगरपासून माणसं लोटली होती. व्यासपीठावर रेशमी कफनीतले अंकानंद महाराज आणि मागे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला आकडा: १४२८५७.

"फासा टाका, माई! जो आकडा पडेल त्याने या सिद्ध अंकाला गुणा. कॅल्क्युलेटर तुमचाच. मशीन झूट बोलत नाही!"

एका बाईला तीन पडले. उत्तर आलं ४२८५७१. पुढच्याला पाच; ७१४२८५. तेच सहा अंक, त्याच ओळीने, फक्त सुरुवात वेगळी.

"अंक मरत नाही, कूस बदलतो!" महाराज गरजले. "पत्र्यावरून ओघळलेलं पाणी प्या आणि साखरेच्या सुया फेकून द्या!"

गर्दीत अंबाजी मास्तर बसले होते. शेजारी त्यांची मुलगी वंदना बसली होती. तीच जाहिरात पाहून तिने कालपासून इन्सुलिन बंद केलं होतं. ओठ सुकलेले, पाण्याची बाटली तोंडची सुटत नव्हती. बँकेत आकडे पडताळण्यात तिचा जन्म गेलेला. "मी स्वतः गुणून पाहिलंय, अप्पा," एवढंच ती म्हणे.

नात केतकीने मास्तरांची बाही ओढली. "आजोबा, फाशावर सात नसतोच ना?"

"मग तू गुणून बघ."

केतकीने बटणं दाबली आणि ओरडली, "महाराज, सातने गुणलं तर सगळे नऊच येतात! तुमचे अंक कुठे गेले?"

महाराजांनी लगेच हात उंचावले. "नऊ! नवग्रह प्रकट झाले, बच्ची के मुँह से!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी तर जमिनीवर लोळण घेतली. बुवाची आली नसेल एवढी किळस मास्तरांना त्या टाळ्यांची आली. पण त्यांनी खिशातला खडू काढला आणि केतकीला वंदनापुढे फरशीवर बसवलं.

"एकाला सातने भाग. थांबू नकोस."

दशांशचिन्हापुढे अंक उतरू लागले: एक, चार, दोन, आठ, पाच, सात. पुन्हा एक, चार...

"बाकी परत एकच उरली, आजोबा. म्हणून पुन्हा पहिल्यापासून!"

"आता दोनाला भाग."

तेच अंक आले, यावेळी दोनापासून.

"क्या चालू है, मास्टर?" वरून दरडावणी आली.

"पाचवीचा भागाकार. तुमच्या देवाचं जन्मस्थान दाखवतोय," मास्तर म्हणाले. "गुणाकार म्हणजे हेच चाक दुसऱ्या जागेवरून फिरवणं. सहापर्यंत फिरतं, सातावर मोडतं. म्हणून फासा! आठाने गुणा की."

मागून कुणीतरी गुणलंच. "हौ! ११४२८५६. सातच गायब, मियाँ!"

हशा पिकला. महाराजांचा माईक अचानक बिघडला.

वंदना फरशीकडे बघत राहिली. "पण गुणाकार तर खरा होता, अप्पा."

"खराच आहे, पोरी. सुंदरही आहे. पण त्याचा तुझ्या रक्तातल्या साखरेशी काय संबंध, हे तू पडताळलंस का?"

तिने बाटली खाली ठेवली. "ऑटो बघा, अप्पा. आधी दवाखान्यात जाऊ."

बाहेर पत्र्यावरच्या पाण्यासाठीची रांग अजून तशीच होती. केतकी तिथे थांबली आणि प्रत्येकाला विचारू लागली, "काका, फाशावर काय नाही, ते पाहिलंत का?"

मुलांनो, तुम्हीही विचारा. टाळी वाजवण्याआधी.