बॉबिनचं माप

मास्तर म्हणजे शिंपी. पुढे दुकान, मागे घर. कापडाच्या बाबतीत भारी काटेकोर. गिऱ्हाईक चहाचा कप घेऊन आत आलं तरी यांच्या कपाळाला आठ्या. बायकोने शेजारणीकडून मांजराचं पिल्लू आणलं, तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं. मग ते पिल्लू शिलाई मशीनच्या पायडलवर येऊन झोपलं आणि मास्तरांचा बाणा तिथेच उसवला. बॉबिन हे नावही त्यांनीच ठेवलं.

थोड्याच दिवसांत बॉबिनला जुलाब सुरू झाले. बायको काळजीत, मास्तर मात्र निर्धास्त. रोज सकाळी टेप लावून जाहीर करायचे, "बघ, पोट वाढतंय. अंगी लागतंय याच्या!"

"अहो, पण किती मलूल दिसतंय ते."

"मला माप शिकवू नकोस."

बॉबिनने बशीला तोंड लावेनासं केलं, तेव्हा कुठे मास्तर हबकले. गळ्यात टेप तशीच ठेवून ते बायकोसोबत प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले.

बाईंनी पोट चाचपलं. "काका, हे बाळसं नाही, जंत आहेत. आणि याला दूध कोण पाजतं?"

बायकोने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर भिंतीवरच्या कुत्र्याच्या चित्राकडे पाहू लागले.

"औषध देते. दूध बंद. शी घट्ट झाली की समजा निभावलं. तोवर मी काही खात्री देत नाही, फार लहान आहे ते."

घरी येताना मास्तरांनी पिल्लू छातीशी धरलं होतं. त्यांना किती लागलंय, ते तिला न सांगता कळलं. टेप खुंटीवर गेली. ड्रॉपरने पाणी, बोटावर उकडलेल्या चिकनचा घास, सगळं मास्तरच करायचे.

"माझ्या तापात पाणीसुद्धा विचारलं नव्हतंत," ती म्हणाली.

मास्तरांना ऐकू आलं नाही.

एका दुपारी दुकानातून हाक आली, "अगं, धाव! लवकर ये!"

हातातलं भांडं तसंच टाकून ती पळाली.

टेबलावर वकीलबाईंच्या शर्टाचं पांढरंशुभ्र कापड पसरलेलं होतं. त्याच्या मधोमध बॉबिनने कार्यभाग उरकला होता आणि शेजारीच बसून ते पंजा चाटत होतं. आता याची धडगत नाही, म्हणून तिने घाबरत नवऱ्याकडे पाहिलं.

मास्तरांचे डोळे भरून आले होते.

"बघ गं," ते म्हणाले, "कशी घट्ट आहे!"