गाडीला लागलेली थंडी

दिल्लीत मयूर विहारच्या त्या सोसायटीत बायका पहाटे उठायच्या दुधासाठी, आणि अलकनंदा उठायची गाडीसाठी. नवऱ्याला याचा पत्ता नव्हता. तो लागू नये म्हणून तिनं काय काय सोंगं केली, ते तिचं तिलाच ठाऊक.

त्याचं असं झालं. गुणवंतराव मिनिस्ट्रीतून अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झाले, आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सुटलं आणि दोघं यमुनेपलीकडे स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. पहिले दोन महिने गुणवंतराव गॅलरीत खुर्ची टाकून बसले. खाली ऑफिसवाल्यांची चार्टर्ड बस यायची, माणसं चढायची, बस निघून जायची. हे घड्याळात बघायचे आणि तसेच बसून राहायचे. पेपरची घडीसुद्धा मोडायचे नाहीत. चांगला धडधाकट माणूस असा डोळ्यांदेखत विझत चाललेला बघून अलकनंदानं धसकाच घेतला.

मग नोव्हेंबरात एक दिवस ते गाडी घेऊन आले. कुठल्याशा वकिलातीतला साहेब मायदेशी परत चालला होता, त्याची. जर्मन, लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून पळणारी, पंधरा वर्षं जुनी स्पोर्ट्स कार. पंच्याण्णव साल संपत आलं होतं. नव्या परदेशी गाड्या दिल्लीत दिसायला लागल्या होत्या, पण अशी अख्ख्या सोसायटीत कुणाकडे नव्हती. "या वयात हे काय थेर?" असं अलकनंदा चार बायकांत म्हणाली. खरं म्हणजे तिला मनातून बरंच वाटलं होतं. गुणवंतराव आता सहाला उठून दाढी करत होते आणि दाढी करताना चक्क शीळ घालत होते.

डिसेंबरात पहिलं धुकं पडलं आणि गाडी सुरूच होईना. सेल्फ मारून मारून गुणवंतराव वर आले ते चेहरा पाडून. बॅटरी जुनी झाली होती, एवढंच. ती त्यांनी संध्याकाळी बदलली आणि दुखणं तिथंच संपायला हवं होतं. पण अलकनंदाला आर. के. पुरमचे शेजारी भाऊसाहेब आठवले. ते हिवाळ्यात रोज सकाळी आपल्या अँबॅसेडरच्या इंजिनावर किटलीभर गरम पाणी ओतायचे. तिनं तिथल्या तिथे निदान केलं की गाडीला थंडी लागली आहे.

दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू. पहाटे पाचला गुडघे शेकायची रबरी पिशवी उकळत्या पाण्यानं भरायची, खिळ्यावरची किल्ली घ्यायची, दुधाचा डबा हातात धरून खाली जायचं. बॉनेट उघडून पिशवी इंजिनावर एका सपाट जागी ठेवायची, वरून जुनी शाल. मग दुधाच्या रांगेत पाऊण तास. येताना पिशवी काढून शालीत गुंडाळायची. सातला गुणवंतराव खाली उतरत, तेव्हा मागमूससुद्धा नसे.

आणि गाडी सुरू होईना. नवी बॅटरी असूनही होईना. दुपारी मात्र पहिल्या सेल्फला सुरू. अलकनंदानं विचार केला, शेकून ही गत, तर न शेकता काय होईल? तिनं पाणी आणखी कडक करायला सुरुवात केली.

हरिदास पवार हा साताऱ्याकडचा. फौजेच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून सुटलेला आणि नोएडात गॅरेज टाकलेला. गुणवंतरावांनी त्याला गाठलं. त्यानं गाडी दोन रात्री नेऊन आपल्या उघड्या आवारात ठेवली. दोन्ही सकाळी पहिल्या सेल्फला सुरू. घरी आणली, की दुसऱ्या दिवशी मुकी. असं तीनदा झालं. "वहिनी, ही तुमच्या सोसायटीवर रुसलीय," तो म्हणाला. अलकनंदा आपली मूग गिळून गप्प, कारण तिच्या मते तिच्याकडून कसूर नव्हतीच.

शेवटी गुणवंतरावांनी हात टेकले. गुडगावच्या नव्या कॉलनीतला एक तरुण गाडी आहे तशी घ्यायला तयार होता. त्याला रविवारी दहाला बोलावलं. शनिवारी संध्याकाळी गुणवंतरावांनी खुर्ची उचलून पुन्हा गॅलरीत ठेवली. 

रविवारी ती साडेचारलाच उठली. आज शेवटचा दिवस, म्हणून पिशवी दोनदा भरली. साडेसहाला हरिदास अचानक स्कूटरवर हजर. "साहेब, विकायच्या आधी एकदा मला बघू द्या. तुम्ही हात लावायच्या आत, गारेगार असताना." अलकनंदा पिशवी घेऊन जेमतेम वर पोचली होती. हरिदासनं काचेची रिकामी बरणी मागितली. लोणच्याची बरणी घेऊन ती पुन्हा खाली गेली.

"हे बघा," हरिदासनं एक चिमुकली तोटी सोडवून बरणीत धरली. "या गाडीला चोक नाही. गार इंजिन सुरू होताना जादा पेट्रोल लागतं, ते हा इंजेक्टर पिचकारीसारखा मारतो. आणि इंजिन गार आहे की नाही, ते हा पितळेचा स्विच ठरवतो. मारा सेल्फ."

इंजिन घरघरलं. बरणी कोरडी ती कोरडीच.

"स्विच मेला म्हणावं, तर माझ्याकडे कसा चालतो?" असं म्हणत हरिदासनं स्विचवर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. "साहेब, सगळं लोखंड बर्फासारखं आहे आणि हा कोमट आहे. याला वाटतंय उन्हाळा आहे, म्हणून हा पेट्रोल सोडू देत नाही. रात्री हिच्याशी कोण खेळलं?"

गुणवंतरावांचं टाळकं सटकलं. चौकीदार दिनकर फाटकाशी उभा होता, त्याच्यावर त्यांनी सगळं खापर फोडलं. "रात को मेरी गाड़ी में सिगड़ी रखकर हाथ सेंकते हो? आज ही सेक्रेटरी से बोलता हूँ. कल से मत आना."

दिनकर बिहारचा, घरी खाणारी पाच तोंडं. महिनाभर तो अलकनंदाला रोज पहाटे बघत होता. बॉनेट अडकलं तर उघडूनही देत होता. त्यानं एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "नहीं साहब," एवढंच बोलला.

अलकनंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, त्याला काही बोलू नका," ती म्हणाली. "मी शेकते."

"काय शेकतेस?"

"गाडी."

मग सगळं बाहेर पडलं. पिशवी, शाल, दुधाची रांग. पिशवी कुठं ठेवत होती ते तिनं बोटानं दाखवलं, तर बोट नेमकं त्या पितळी स्विचवर. हरिदास हसता हसता चाकाशी खाली बसला. गुणवंतराव हसले नाहीत.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज. आज तर दोनदा."

"तुला तर ही गाडी डोळ्यांसमोर नको होती."

"ते आपलं चार बायकांत म्हणायला. पण काल तुम्ही ती खुर्ची परत गॅलरीत ठेवलीत ना, रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नाही. तुम्हाला तसं बसलेलं मला बघवत नाही हो."

गुणवंतराव दिनकरकडे गेले, त्याचा हात धरून "माफ़ करना, भाई" म्हणाले. इकडे हरिदासनं गार पाण्यात भिजवलेला टॉवेल स्विचभोवती गुंडाळला. वीस मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारला तेव्हा बरणीत पेट्रोलचा बारीक फवारा उडाला. इंजेक्टर जागेवर बसला, आणि त्या थंडगार सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. दिनकरनं टाळी वाजवली.

दहाला गुडगावचा तरुण आला. गुणवंतराव फडकं घेऊन काच पुसत होते. "अंकल, चाबी?" त्यानं हात पुढे केला.

"सॉरी बेटा, तुम्हारा चक्कर बेकार गया. गाड़ी नहीं दे सकता," गुणवंतराव म्हणाले. "तुम्हारी आंटी की जान अटकी है इसमें."

तरुणानं आश्चर्यानं अलकनंदाकडे पाहिलं. तिचा जीव गाडीत नव्हता, गाडी पुसत उभ्या असलेल्या माणसात अडकला होता. पण एवढं सगळं त्या परक्या पोराला कशाला सांगायचं, म्हणून तिनं नुसती मान हलवून हो म्हटलं.