बुडालेली तूर झोपत नाही

केतकीने नकाशावर त्या शेताला हिरवा रंग दिला, तेव्हा ते मालनबाईंचं आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

केतकी पुण्याची, भौतिकशास्त्रात एमएस्सी. हैदराबादेत आबिड्समधल्या एका कंपनीत ती पुराचे नकाशे करी. रडारचा उपग्रह ढगांआडूनही जमीन पाहतो. त्याच्या चित्रांवरून कुठलं शेत गेलं, कुठलं वाचलं हे ती ठरवी आणि त्या यादीप्रमाणे सरकारी मदत मिळे. चित्रं दोन येत, एक दुपारचं आणि एक सूर्यास्तानंतरचं. ती दुपारचंच वापरी. मांजरा नदीचा पूर ओसरल्यावरच्या चित्रात नदीकाठची तूर उभी दिसली. उभं पीक म्हणजे हिरवा रंग, म्हणजे नुकसान नाही.

मालनबाई तिच्या नल्लकुंट्यातल्या घरमालकीण. शनिवारी गावाहून त्यांच्या पुतण्याचा, विक्रमचा फोन आला, तशा त्या जिना चढून वर आल्या.

"इथं हैदराबादेत कोण बसलंय गं वरून फोटो काढत? म्हणे आमची तूर चांगली हाय! अख्ख्या नदीकाठाला मदत नाही. हरकत घ्यायला बुधवारपर्यंत मुदत."

केतकीने हातातला कप खाली ठेवला. "काकू, ती मीच."

"तू?" मालनबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "परवा मेथी म्हणून शेपू आणलीस, ती तू?" मग म्हणाल्या, "उद्या चल. एकदा खालून बघ."

रविवारी दुपारी दोघी शेतावर पोचल्या. तूर छातीइतकी, हिरवीगार.

"उभी तर आहे, काकू."

"घाई काय करलालीस? दिवस मावळू दे."

दोघी बांधावर बसल्या. सूर्य टेकला आणि वारा नसताना चढावरच्या तुरीची पानं हलू लागली. तीन-तीन पानं सावकाश वर उचलली, एकमेकांना टेकली, मिटली. केतकीने घड्याळ लावलं होतं. वीस मिनिटांत अर्धं शेत मिटलं. नदीकडच्या अर्ध्यात मात्र एकही पान हललं नाही.

"वरची झोपली," मालनबाई म्हणाल्या. "खालची न्हाई झोपायची. बुडालेली तूर झोपत नाही, लेकी. आठ दिवस उभी राहील, मग एकदम वाळेल." त्यांनी खालचं एक रोप दोन बोटांनी ओढलं. ते उपटून हातात आलं. मुळं काळी, कुजलेली.

केतकी कितीतरी वेळ त्या मिटलेल्या पानांकडे पाहत राहिली.

सोमवारी तिने वरिष्ठाला, कौस्तुभला, सगळं सांगितलं.

"घरमालकिणीसाठी नकाशा बदलायचा? भाडं माफ झालं वाटतं!"

"चूक माझी आहे, आणि अख्ख्या तालुक्यात आहे. बघ."

तिने सूर्यास्तानंतरच्या चित्रातून दुपारचं चित्र वजा केलं. जिथे पानं हलली होती तिथे पडदा हळूहळू उजळत गेला. तालुकाभरची तूर पानं मिटत होती, आणि ते शेकडो किलोमीटर उंचीवरून दिसत होतं! नदीच्या दोन्ही काठांना तेवढा एक काळा पट्टा, न मिटलेला, जागा.

कौस्तुभने खुर्ची पुढे ओढली.

"हे आधी कुणाच्या लक्षात आलंय?"

"मालनबाईंच्या."

आपली चूक लेखी कबूल करून केतकीने मंगळवारी नवी यादी पाठवली. बुधवारी कृषी खात्याच्या माणसांनी दहा ठिकाणची रोपं उपटून पाहिली. दहाही ठिकाणी मुळं काळी निघाली. संध्याकाळी नदीकाठ मदतीच्या यादीत आला.

केतकी लॅपटॉप घेऊन खाली गेली. "काकू, एक सांगायचंय. तुमचं अर्धंच शेत यादीत आहे. चढावरचं नाही."

"जगलेल्या तुरीचे पैसे कशाला मागू?" मालनबाईंनी चष्मा लावला. "दाव बघू. पाणी बोरीच्या झाडापर्यंत आलं होतं. बोरीपाशी रेघ वळलीय का?"

बोर केतकीला आठवत नव्हती. तिने शेत मोठं केलं. काळा पट्टा बांधाबांधाने सरळ वर आला होता, आणि एका ठिकाणी, काही कारण नसल्यासारखा, डावीकडे वळला होता.

"हौ," मालनबाई म्हणाल्या, आणि त्या वळणावर त्यांनी अलगद बोट ठेवलं. "हीच बोर."