खळीचा लेप

इलकलच्या विणकर गल्लीत बैठकीच्या जागी फोड येणे ही बातमी नव्हे. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणाऱ्याला तो यायचाच, आणि ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, लावायची खळ कोमट करून वर थापली की तो जायचाच, अशी तिथली पक्की समजूत. पुष्कळ फोड आपोआप बरे होतात; श्रेय मात्र खळीला मिळत आले होते.

नीलव्वाच्या नवऱ्याने, मधुमेही शिद्रामप्पाने, तेच केले. आता त्याला हुडहुडी भरली होती, सूज वृषणापर्यंत पसरली होती आणि लेपाखालून कुजका वास येत होता.

"दवाखान्यात चला," नीलव्वा म्हणाली.

"तिथं काय सांगू? कुठं दुखतंय म्हणून?"

"दुखतंय तिथंच म्हणून! माझ्यापासूनही लपवलंत. मी काय या घरात पाहुणी आहे?"

बागलकोटच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर रेणुका होत्या. बाई पाहताच शिद्रामप्पाने धोतर घट्ट धरले. "पुरुष डॉक्टर येईपर्यंत थांबतो."

"तुम्ही थांबाल, काका. जंतू थांबणार नाहीत. कातडीखालचं मांस कुजवत ते पुढं सरकतायत. मेलेल्या मांसात रक्त जात नाही, मग नुसतं औषध पोचणार कसं? मेलेलं सगळं आत्ताच कापायला हवं. उद्या पुन्हा उघडून बघू."

"पण... माझं ते..."

"वृषण बहुधा वाचतात, त्यांचा रक्तपुरवठा वेगळा असतो. गेलेली कातडी मांडीवरून आणून लावता येते. गेलेला जीव कुठून आणू?"

नीलव्वा त्याच्या उशाशी वाकली. "ताण्यातले दोरे कुजले, तर त्यांवर खळ फासत बसता का हो?"

"नाही... चांगला दोरा लागेपर्यंत कापतो."

"मग?"

धोतरावरची मूठ सुटली!

पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या, शेवटी कातडीही लावली. अशक्त पण बरा झालेला शिद्रामप्पा घरी परतला, तेव्हा विणकर ओट्यावर जमले. "पोटाचं होतं ना रे?" कुणीतरी विचारले.

नीलव्वाने दारातून नवऱ्याकडे पाहिले.

"पोटाचं कसलं! पार खाली, वृषणाचं. आणि एका बाईनं वाचवलं, बायकोनं तिथवर ओढत नेलं म्हणून."

हशा पिकला. सगळे पांगले. त्यांच्यातला इरप्पा नावाचा विणकर तेवढा हलला नाही. "शिद्रामण्णा, मलापण तिथंच... ताप आहे."

"रिक्षा आणते," म्हणत नीलव्वाने पायात चपला सरकवल्यासुद्धा.

वाचकहो, आजार शरीराची जागा पाहून लाजत नाही. गुप्तांगाला सूज, असह्य वेदना, ताप, दुर्गंधी यांपैकी काहीही दिसले, तर लेप शोधू नका. त्याच दिवशी शल्यचिकित्सक गाठा. आणि जवळच्या माणसाला नुसता धीर देऊ नका, हाताला धरून घेऊन जा!