काठोकाठ प्याला

सोनुनबू-आपाचा जावई होता कुबात. तो रोटी पालथी ठेवायचा, बूट उंबऱ्यातच काढायचा आणि वडीलधारी बोलत असली की शीळ घालायचा. "सहा वर्षं रशियात सिमेंट कालवलंस," आपा म्हणायची, "थोडं डोक्यातही गेलं वाटतं. घट्ट बसलंय."

तरी हे सगळं तिनं पोटात घातलं होतं. चहाचं मात्र घालता येईना.

आपाची ग्रॅनाइटची खाण गावाच्या डोक्यावर. नवरा गेल्यापासून तीच चालवायची, आणि चालवायची म्हणजे कामगार तिच्या खोकल्यावरून ओळखायचे की आज मुकाट्यानं काम करायचं. दगड कापायची करवत तारेची. तिच्यावर सतत पाण्याची धार हवी, नाही तर तार तापून तुटते आणि चाबकासारखी फिरते. वरचा झरा होता तोवर घोर नव्हता. पण वसंतात जमीन जराशी हलली काय, झरा जो गडप झाला तो झालाच. करवत मुकी बसली. गावच्या नव्या शाळेच्या आठ पायऱ्या कापायच्या राहिल्या. मुख्याध्यापकाचा निरोप आला: शुक्रवारपर्यंत दगड नाही आला, तर सिमेंटच्या पायऱ्या ओतून घेऊ.

सिमेंटच्या! आपा जेमतेम दोन इयत्ता शिकलेली. शाळेत तिचं काही राहणार असेल तर त्या पायऱ्याच. गावची पोरं सिमेंट तुडवत शिकणार, ही कल्पनाच तिला अंगावर पाल पडल्यासारखी वाटली.

कुबातनं गाढवावरून दुधाच्या कॅनमधून पाणी आणून पाहिलं. गाढव दोन तास चढलं. करवतीनं चूळ भरावी तसं ते संपवलं. उरला खालचा कालवा. पण तिथं पंप लावायचा तर मुराबची परवानगी हवी. मुराब म्हणजे पाटकरी, खोऱ्याच्या पाण्याच्या पाळ्या ठरवणारा. हा ओरोझाली मुराब टोपी उंच घालायचा, आणि नाक त्याहून उंच ठेवायचा.

आपानं त्याला सोमवारी खाणीशेजारच्या घरी चहाला बोलावलं. रोट्या, मलई, जर्दाळूचा मुरंबा मांडला. "तिसऱ्या प्याल्याआधी पाण्याचं नाव काढायचं नाही," तिनं कुबातला बजावलं, आणि मलईचं दुसरं भांडं आणायला आत गेली. तेवढंच चुकलं.

बाहेर आली तर मुराबपुढे प्याला काठोकाठ! अर्धा प्याला म्हणजे बसा, पुन्हा ओतते. भरलेला म्हणजे प्या आणि चालते व्हा. लेकरांनाही ठाऊक असतं हे.

मुराब टोपी सावरत उठला. "समजलं, सोनुनबू. घर तुझं, प्याला तुझा." आणि रोटीला हातही न लावता घोड्यावर बसून उतरणीला लागला.

"अरे बैला, हे काय ओतलंस?"

"आपा, पाहुण्याला अर्धाच द्यायचा? बरं दिसतं का? वर त्याला वाटलं असतं, ह्यांच्याकडे पाण्याची चणचण आहे!"

"तेच सांगायला बोलावलं होतं ना त्याला!"

कुबातचं तोंड उघडं ते उघडंच. आपानं त्यात मावणार नाही एवढी गोल रोटी त्याच्या हातात कोंबली. "पळ! रोटी चाखल्याशिवाय गेलाय तो. पुढे केलेल्या रोटीला वैरीसुद्धा नाही म्हणत नाही."

कुबात पळाला, आणि रस्ता लांब म्हणून दगडाच्या भुकटीच्या ढिगावरून घसरला. घोड्यासमोर उगवला तो नखशिखांत पांढरा, हात पसरलेला, हातात रोटी. घोड्यानं असलं भूत बापजन्मात पाहिलं नव्हतं. तो वळला आणि किंचाळणाऱ्या मुराबला घेऊन उधळला तो थेट खाणीत, आपाच्या हौदापाशी थांबला. तोंड खाली घातलं. हौद ठणठणीत. घोड्यानं भुकटी चाटली, खाली उतरलेल्या मुराबच्या दाढीवर शिंकला आणि धन्याकडे असं बघितलं की बघवेना.

कामगारांनी बाह्या तोंडात कोंबल्या.

"ओरोझाली-आके," आपा हळूच म्हणाली, "साऱ्या खोऱ्याला पाणी वाटता तुम्ही. आणि तुमच्याच घोड्याला माझ्या हौदात घोटभर नाही. बाई गप्प बसेल हो, पण हे जनावर गावभर तोंड करून फिरणार."

"कुणी हसायचं नाही!" मुराब दाढी पुसत ओरडला.

तेवढ्यात कुबात धापा टाकत पोहोचला. रोटी जन्मात पहिल्यांदा सुलटी धरलेली. मुराबनं तिचा तुकडा तोडला, फुंकला, खाल्ला. आता तो पाहुणा होता.

"सफरचंदवाल्यांची पाळी दुपारी संपते," तो घास गिळत म्हणाला. "तिथून अंधार पडेपर्यंत पंप लाव. करवतीचं पाणी खड्ड्यात निवळवून पुन्हा वापर. गढूळ थेंब कालव्यात दिसला तर पंप माझा. आणि कालव्याच्या दारावर तुझा एक माणूस बसव—"

"जावई घ्या."

"बरं. पण चहा तू ओत."

आपानं ओतला. अर्धा, मग अर्धा, असा सात वेळा.

मंगळवारी दुपारी पाणी चढलं, तार गायला लागली. पहिली पायरी लोण्यासारखी सुटली तशी आपा कालव्यावर उतरली. कुबात दारापाशी शीळ घालत बसला होता. तिला बघून त्यानं शीळ गिळली.

"ऐका, जावईबापू," आपा म्हणाली. "दगडाला भरभरून, माणसाला अर्धं. हे पुन्हा उलटं केलंत, तर नववी पायरी तुमचीच कापीन."