भिंतीवरच्या टोप्या

रविवारची प्रार्थना आटोपली आणि अवघे गाव लोर्ना सेडलाचेकच्या खानावळीत लोटले. उभे राहायला जागा नव्हती, आणि कोणाची तक्रारही नव्हती. नेब्रास्काच्या मक्यात बुडालेल्या आमच्या गावाने बेसबॉलच्या मोठ्या संघाला एकच खेळाडू दिला. आणि तो रॉयस हाल्डेन, नुकताच निवृत्त झालेला, आज टेबलावर चढून रडत होता.

"हो, घेतलं मी स्टेरॉइड! एकदाच. छत्तिसाव्या वर्षी. कोपर कामातून गेलं होतं. ट्रेनरनं मलम दिलं, मी चोळलं. वकील म्हणाले, गप्प बस. पण तुमच्याशी खोटं बोलून मला झोप लागेना!"

"याला म्हणतात मर्द!" पशुखाद्याचे दुकान चालवणारा ऑरव्हिल ओरडला.

बायकांनी डोळे टिपले. टेबलावर लबाड चढला होता. उतरला तो संत. त्या छत्तिसाव्या वर्षी तो उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्याची बातमी आदल्याच आठवड्यात वर्तमानपत्रात छापून आली होती, याची आठवण त्या गर्दीत कोणाला राहिली नव्हती. पकडला गेलेला माणूस पकडल्यावर बोलला, एवढीच ती घटना. गावाने तिला चमत्कार मानले.

आणि चमत्कारामागोमाग दुकान आलेच. "आता सत्य हेच माझं औषध," रॉयस म्हणाला. "माझ्या हिवाळी शिबिरात थंड पाणी, घाम आणि सचोटी, बस्स! उद्या ट्रेंटला सोबत नेतोय. वसंतापर्यंत राक्षस करून पाठवतो."

ट्रेंट हा लोर्नाचा एकुलता मुलगा, वय एकोणीस, बेसबॉलमधला कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. रॉयसने आपल्या हाताने त्याला कोरी टोपी घातली. ती थेट कानांवर घसरली.

"अरे, ही तर दोन मापं मोठी आहे!" कोणीतरी हसले.

"वसंतात बसेल," रॉयसने डोळा मारला. सगळे हसले. लोर्नाही हसली.

हसल्या नाहीत त्या फक्त डॉक्टर व्हानेक. गावातली निम्मी माणसे, रॉयससकट, त्यांच्याच हातांवर जन्मली होती. त्या काउंटरमागच्या भिंतीकडे पाहत होत्या. प्रत्येक मोसम संपला की रॉयस आपली टोपी गावाला पाठवी, आणि लोर्ना ती वर्षाच्या क्रमाने खिळ्यावर टांगून दर शनिवारी झटकी. या टोप्यांना मागे सैल-घट्ट करायचा पट्टा नसतो. त्या डोक्याच्या मापानेच शिवलेल्या असतात.

"लोर्ना, पहिली टोपी काढ गं. रॉयस, घाल पाहू."

"डॉक्टर, आता कशाला?"

"अरे, इतकी माणसं जमलीत. घाल की!"

त्याने घातली. बाटलीवर दुसऱ्याच बाटलीचे झाकण ठेवावे तशी ती टाळूवर डुगडुगली. कोणी हसले, आणि लगेच ओशाळले.

"लोकर आकसते, डॉक्टर!" ऑरव्हिल म्हणाला. "इतकी वर्षं शेगडीसमोर टांगलीय ती."

"लोकर आकसते, ऑरव्हिल. आत छापलेला मापाचा आकडा आकसत नाही. लोर्ना, वाच."

लोर्नाने टोपी उलटी केली. "सव्वासात." पुढची: सव्वासात. पुढचीही. एका टोपीपाशी ती अडखळली. "साडेसात."

"तेव्हा याचं वय?"

"एकोणतीस." मग तिने आणखी पुढची काढली. "पावणेआठ. तेहतिसावं वर्ष."

"मलम छत्तिसाव्या वर्षी चोळलं, तेही कोपराला," डॉक्टर म्हणाल्या, "आणि डोकं सात वर्षं आधीच वाढायला लागलं? कसरतीनं दंड वाढतात, मांड्या वाढतात. कवटीला कसली कसरत, रॉयस? मोठ्या माणसाच्या कवटीचं हाड असं जाड होतं ते वाढीचं संप्रेरक जास्त झाल्यावर. जबडा, हात, पाऊलही रुंदावतं. आजारानं झालं असतं, तर तुझ्या संघाच्या डॉक्टरांनी कधीच ओळखलं असतं. मग राहिली सुई."

रॉयसने जबडा चाचपला, आणि चाचपला हेच चुकले. सगळ्यांची नजर तिकडे गेली.

"बरं," त्याचे डोळे पुन्हा भरून आले. "एकोणतिसाव्यापासून. स्टेरॉइड, संप्रेरक, दोन्ही. सगळेच घ्यायचे. आम्ही एकमेकांना टोचायचो. पण आता मी खरं सांगतोय..."

ऑरव्हिलचा हात रुमालाकडे गेला. माझ्या मात्र तेव्हा ध्यानात आले: या माणसाची कबुलीही त्याच्या टोपीसारखीच मापाने शिवलेली होती. पुरावा छत्तिसाव्या वर्षाचा, तर कबुली छत्तिसाव्याची. पुरावा एकोणतिसाव्याचा निघाला, तर कबुली एकोणतिसाव्याची. त्याहून बोटभरही मोठी नाही.

इतक्यात ट्रेंटने कोरी टोपी काढली, उलटी केली, आतला आकडा वाचला.

"पावणेआठ," तो म्हणाला. "रॉयस, माझं डोकं सव्वासातचं. ते वसंतापर्यंत का वाढणार होतं?"

"अरे, चेष्टा होती ती!"

"काय टोचणार होतास माझ्या पोराला?" लोर्नाचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो सगळीकडे ऐकू गेला. "नाव सांग. डॉक्टरांसमोर सांग."

रॉयस दाराकडे वळला. त्याने कोट घेतला. ऑरव्हिल त्याच्यामागे गाडीपर्यंत गेला, चेंडूवर सही मागायला. असेही लोक असतात. ट्रेंटने एप्रन बांधला आणि कपबशा उचलायला लागला.

लोर्नाने टोप्या फेकल्या नाहीत. तिने त्या पुन्हा क्रमाने टांगल्या, फक्त उलट्या, आतला आकडा गिऱ्हाइकाला दिसेल अशा. गावाने पुरावा स्वतःच्या भिंतीवर टांगला होता, वर्षानुवर्षे झटकला होता आणि एकदाही उलटून पाहिला नव्हता.

कोणाची कबुली ऐकून रडू आले तर खुशाल रडावे. पण मग डोळे पुसून एवढे विचारावे: हा माणूस आज जे सांगतो आहे, त्यात आपल्याला आधीच कळलेल्यापेक्षा अधिक काय आहे? काहीच नसेल, तर त्याच्या हाती मूल सोपवू नये. आधी टोपी उलटी करून पाहावी.