कोरडे चार दिवस

आमच्या बाळकुम गावात सगळे बोलतात, मालूच्या जिभेला हाड नाही. खोटं कशाला बोलू, नाहीच आहे. बाजारात माझ्या पाटीतलं म्हावरं उलटंपालटं करून, न घेता पुढे जाऊन तर बघा! पण एक गोष्ट मी सहा वर्षं पोटात ठेवली.

शहाऐंशी साली माझ्या नवऱ्याचा, नाथाचा, घोटा होडी आणि धक्क्याच्या मधे चेंगरला. हाड बाहेर आलेलं. पुढे प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण घोट्याच्या आतल्या बाजूला एक भोक राहिलं ते राहिलंच. तुरीच्या दाण्याएवढं. त्यातून पू यायचा. गोळ्या घेतल्या की कमी, थांबवल्या की पुन्हा सुरू. एकदा धुताना त्यातून हाडाची कपची निघाली. रोज दोन पाट्या म्हावरं साफ करणारी बाई मी, पण ती कपची मला हाताने उचलवली नाही.

तीन वर्षं असं चाललं. शेवटी ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात एक डॉक्टरीणबाई भेटली. तिने एक्सरे उजेडासमोर धरून दाखवला. "आतलं हे हाड मेलंय. तिथे रक्त पोचत नाही, म्हणून औषधही पोचत नाही. ते खरवडून काढायला लागेल, मग सहा आठवडे इंजेक्शनं. पाय वाचेल." भोकात तिने औषधाची लांब पट्टी सरकवली. "ही रोज बदला, पण भोक बुजू देऊ नका. घाण बाहेर येते तेच बरं. वरून बुजलं तर आत पसरेल." ऑपरेशनची तारीख नारळी पुनवेनंतरच्या सोमवारची मिळाली.

मला सगळं कळलेलं. अडाणी होती म्हणून झालं, असं कोणी बोलू नये.

पण नाथा तीन नारळी पुनवा होडीत चढला नव्हता. वासामुळे लोक सरकून बसायचे. म्हावऱ्याच्या वासात जन्म गेलेली माणसं, आणि ती नाक मुरडायची! नाथा बोलला, "मालू, एकदाच नारळ माझ्या हाताने सोडायचाय. मग कापू दे त्यांना काय कापायचं ते." असा बोलला की माझा जीव तीळतीळ तुटला.

आणि मी जन्मभर काय केलं? जवळा सुकवला. ओला राहिला की सडतो, उन्हात कडक सुकला की पाऊसभर टिकतो. माझे हात तेवढंच शिकलेले. मी ती पट्टी काढून फेकली, तुरटी आणि हळदीची पूड दाबून भरली आणि वर घट्ट बांधलं.

पुनवेच्या आदल्या दिवशी भोक बुजलं. पू नाही, वास नाही. चार दिवस पाय कोरडा. पुनवेला नाथाने नवा सदरा घातला, होडीत उभा राहिला आणि खाडीत नारळ सोडला. मी काठावर उभी राहून रडली. आनंदाने, मूर्ख बाई!

रविवारी थंडी वाजून ताप आला. घोटा टरटरून सुजला. सोमवारी डॉक्टरीणबाईने पाय बघितला आणि विचारलं, "पट्टी कोणी काढली?" मी बोलली, "पडली." एवढंच. बुधवारी गुडघ्याखालून पाय कापला.

नाथा मात्र येईल त्याला सांगायचा, "मालूने बरा केलेला पाय. डॉक्टरांनी घालवला." मग त्या पुनवेची गोष्ट, सदऱ्यापासून नारळापर्यंत. मी उठून आत जायची.

मग पंचाण्णवच्या पावसात शेजारचा भिवाजी लंगडत आला. त्याच्या टाचेतून महिनाभर पू येत होता. नाथा दारात जाळं शिवत बसलेला. तो बोलला, "मालूकडून पूड लावून घे. तिच्या हाताला गुण आहे." भिवाजीने पाय माझ्यापुढे लांब केला. तोच वास.

"रिक्षा आणा कोणीतरी!" मी ओरडली. "भिवाजी, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात चल."

"अगं, असं काय करतेस?" नाथा बोलला. "माझा बरा केलेलास ना?"

"नव्हता केला! पट्टी मी काढली, घाण मी आत कोंडली. डॉक्टरीणबाईने सांगितलेलं, तरी कोंडली. तुमचा पाय मी घालवला!"

नाथाच्या हातातली सुई थांबली. वाटलं, आता शिव्या देईल, हाताला लागेल ते फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो हळूच बोलला, "तीन वर्षांत चारच दिवस माझा पाय धड होता, मालू. ते पण घेतेस?"

मी भिवाजीला रिक्षात बसवून घेऊन गेली. त्याची टाच वाचली.

नाथा आता कोणालाच ती गोष्ट सांगत नाही. लोक बसलेले असताना मीच दोनदा विषय काढून बघितला, त्या पुनवेचा, नव्या सदऱ्याचा. तो माझ्याकडे न बघता बोलला, "कुठली पुनव?"